काउंटर बंद आहे

बँकेतल्या कारकुनानं ग्राहकसेवेविषयी तक्रार करावी, म्हणजे मांजरानं दुधाच्या टंचाईवर पत्रक काढण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. गेली बावीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. 'काउंटर बंद आहे' ही पाटी मी स्वतःच्या हातानं रांगेतल्या पहिल्या माणसाच्या नाकासमोर ठेवलेली आहे. 'सही जुळत नाही', 'लिंक नाही', 'साहेब जेवायला गेलेत' आणि 'उद्या या' हे आमच्या धंद्याचे चार वेद. ते मला मुखोद्गत आहेत. तेव्हा पुढचं वाचून 'बघा कोण बोलतंय!' असं कुणी म्हणालं तर त्याचं काही चुकलं नाही. तरीही मी बोलणार आहे. कारण उभ्या आयुष्यात एक रात्र मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला काढली, आणि त्या काउंटरला आतली बाजूच नव्हती.

ही रात्र ॲमस्टरडॅममधली. आता डोंबिवली शाखेतला कारकून ॲमस्टरडॅमला कशाला गेला, अशी शंका इन्कम टॅक्सवाल्यांच्या आधी तुम्हाला येईल, म्हणून खुलासा करतो. माझा मेहुणा हॉलंडच्या उत्तरेला ग्रोनिंगेन गावात असतो. (तिथले लोक 'ग' हे अक्षर घसा खाकरून उच्चारतात. पहिले दोन दिवस सौ. भेटेल त्याला आल्याचा काढा सुचवत होती.) त्याच्याकडे ऑक्टोबरात पंधरा दिवस राहिलो. घरात यजमान असतो तसाच तो होता, म्हणजे 'अजून एक पोळी घ्या' आणि 'गिझर बंद केलात का?' ही दोन्ही वाक्यं त्याच्या तोंडी होती. परतीचं विमान ॲमस्टरडॅमहून सकाळी होतं. आदला दिवस शहर बघावं आणि एक रात्र तिथंच काढावी, असं ठरलं.

"भाऊजी, चेन हॉटेल बुक केलंय," मेहुणा म्हणाला. "काही टेन्शन नाही. जगात कुठंही जा, खोली सेम टु सेम."

खोली सेम टु सेम असेल तर जगात कुठंही जायचं कशाला, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण पैसे त्यानं भरले होते. जावयानं अशा वेळी फक्त "वा!" म्हणायचं असतं.

मला स्वतःला ॲमस्टरडॅमचं वेगळंच आकर्षण होतं. बी. कॉम. झालेल्या माणसाला ते शहर म्हणजे पंढरपूर आहे. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिचे शेअर इथल्या सामान्य लोकांनी विकत घेतले. १६०९ साली इथं विनिमय बँक निघाली. देशोदेशीचे व्यापारी झिजलेली, खोटी, हलकी अशी नाना तऱ्हेची नाणी थैल्यांतून घेऊन यायचे, बँक ती पारखून घ्यायची आणि खात्यावर रक्कम जमा करायची. डॅम चौकात आज जो राजवाडा दिसतो तो मुळात नगरभवन होता आणि ही बँक तिथंच चालायची. मी त्या इमारतीसमोर उभा राहून हात जोडले. सौ. म्हणाली, "अहो, ते देऊळ नाही." तिला काय सांगणार? साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या भिंतींआड माझाच कुणी सहकारी बसला होता आणि समोरच्या व्यापाऱ्याला 'हे नाणं चालणार नाही' असं डचमध्ये सांगत होता. व्यापारी चिडत होता, हा मान हलवत होता. बँकिंगचा पाया तो. एक काउंटर, अलीकडे एक माणूस, पलीकडे एक माणूस, आणि मधे थोडी कुरबुर.

डच लोकांशी माझं आणखी एक जुनं नातं आहे. मी वेंगुर्ल्याचा. १६३७ साली ही डच कंपनी आमच्या गावात आली आणि चाळीसहून अधिक वर्षं राहिली. त्यांच्या वखारीचे भग्नावशेष अजून आहेत. लहानपणी आम्ही तिथं लपाछपी खेळायचो. चाळीस वर्षांत त्यांना कुणी 'चेक-आउट सकाळी अकराला' असं बजावल्याचं ऐकिवात नाही. त्याची परतफेड म्हणून एक रात्र तरी आपलं बरं होईल, अशी माझी भाबडी समजूत होती.

हॉटेल स्लोटरडाइक स्टेशनाजवळ होतं. त्या भागात अशा साखळीवाल्या हॉटेलांची रांगच आहे. आमच्या साखळीचं नाव मी सांगणार नाही. नावानं काही फरक पडत नाही, आणि हाच तर माझा मुद्दा आहे.

काचेचं दार आपोआप उघडलं. आत झुलते दिवे, रंगीत सोफे, आणि भिंतीवर निऑनच्या अक्षरांत एक डच शब्द. मेहुण्यानं तो मला आधी शिकवला होता: 'खझेलिख'. त्याचा अर्थ म्हणे चार माणसांत बसल्यावर जी ऊब वाटते ती. ऊब भिंतीवर होती. खाली माणूस नव्हता. जिथं पूर्वी काउंटर असावा तिथं उंचीनं माझ्याएवढी तीन यंत्रं उभी होती.

यंत्रानं बुकिंग नंबर विचारला. तो मेहुण्याच्या मेलमध्ये होता. मेहुण्याला फोन केला. नंबर घातला. पासपोर्ट उलटा ठेवला, मग सुलटा ठेवला. यंत्र म्हणालं, खोली तीन वाजता मिळेल. आत्ता हवी असेल तर वीस युरो जादा. घड्याळात दोन चाळीस झाले होते. म्हणजे मिनिटाला एक युरो. वीस मिनिटांसाठी आम्ही सोफ्यावर बसलो आणि वीस युरो वाचवले. माझ्या नोकरीत मला इतक्या दरानं कधी पगार मिळालेला नाही.

तीन वाजता यंत्रानं आणखी एक आकडा दाखवला. शहराचा कर. ॲमस्टरडॅमनं २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर लावलेला आहे. आमची खोली १६० युरोंची, म्हणून वीस युरो. हिशेबाला सोपं जावं म्हणून युरोचे शंभर रुपये धरा. म्हणजे वाचवलेले दोन हजार पाच मिनिटांत नगरपालिकेकडे जमा. पण कराबद्दल माझी तक्रार नाही. हे शहर पाहुण्यांना इतकं विटलंय की वर्षाला दोन कोटींपेक्षा जास्त पर्यटक-रात्री होऊ द्यायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलं, आणि २०२४ साली जाहीर केलं की जुनं हॉटेल बंद पडल्याशिवाय नवं उघडायचं नाही. ज्याच्या अंगणात दोन कोटी रात्री मुक्काम पडतो त्यानं झाडलोटीचे पैसे मागितले तर वावगं काय? त्या दोन कोटींत दोन रात्री आमच्या होत्या. एक माझी, एक सौ.ची.

खोलीत गेलो. दाराजवळच्या खाचेत कार्ड खुपसलं की दिवे लागतात, काढलं की विझतात. खिडकी उघडत नव्हती आणि तिच्यातून रेल्वेचे रूळ दिसत होते. कालवा, पूल, उंच निमुळती घरं आणि सामान वर ओढायला त्यांच्या कपाळाशी लावलेले हुक हे सगळं ॲमस्टरडॅम भिंतीवरच्या फोटोत होतं. बाथरूममध्ये एक पत्रक होतं: टॉवेल जमिनीवर टाकलात तर आम्ही धुऊ, टांगून ठेवलात तर पृथ्वी वाचेल. पृथ्वी इतक्या स्वस्तात वाचत असेल तर वाचवावी, म्हणून आम्ही दोन्ही टॉवेल टांगले. धुलाईचे पैसे कुणाचे वाचले, हा प्रश्न माझ्यातल्या बी. कॉम.नं विचारला, त्याला मी गप्प बसवलं.

आणि टीव्हीवर मोठ्या अक्षरांत स्वागत झळकत होतं. माझं नव्हे, माझ्या वडलांचं. आपली तीन शब्दांची मराठी नावं त्यांच्या दोन रकान्यांत बसत नाहीत. मेहुण्यानं कोंबून बसवली, त्यात माझं आडनाव गळलं आणि वडलांचं नाव आडनाव झालं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. हयातीत ते कोल्हापूरच्या पुढे गेले नाहीत. त्यांचं युरोपात असं स्वागत झालेलं बघून मला भरून आलं. मी टीव्ही बंद केला नाही. पंधरा मिनिटांनी तो आपणहून बंद झाला.

आता, वाचकहो, मी न्यायानं बोलणार आहे. या साखळ्या कुणी दुष्टपणानं काढल्या नाहीत. स्टॅटलर नावाच्या माणसानं १९०८ साली अमेरिकेत बफेलो शहरात हॉटेल काढलं आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम दिलं. दीड डॉलरात. तोवर व्हरांड्याच्या टोकाला रांग लावायची पद्धत होती. चाळीत वाढलेल्या माणसाला हे कार्य किती थोर आहे ते मी सांगायला नको. केमन्स विल्सन नावाचा गृहस्थ १९५१ साली पाच मुलांना घेऊन सहलीला निघाला, तर वाटेतले मोटेलवाले दर मुलामागे दोन डॉलर जादा उकळायला लागले. तो तिडकीनं घरी आला आणि १९५२ साली मेम्फिसला त्यानं पहिलं हॉलिडे इन उघडलं. मुलं फुकट. कॉनरॅड हिल्टनची गोष्ट तर आमच्या धंद्याला चटका लावणारी आहे. १९१९ साली तो टेक्सासमधल्या सिस्को गावी गेला होता तो बँक विकत घ्यायला! विकणाऱ्यानं ऐन वेळी किंमत वाढवली. हिल्टन वैतागून झोपायला हॉटेलात गेला, तर तिथं तेलाच्या भरभराटीनं एवढी गर्दी की खोल्या आठ-आठ तासांच्या पाळीनं दिल्या जात होत्या. त्यानं बँक सोडली आणि हॉटेल घेतलं. त्या बँकवाल्यानं भाव वाढवला नसता तर हिल्टन आज आमच्यासारखाच सही जुळत नाही म्हणून परत पाठवत असता.

आणखीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्याकडच्या लॉजवर काउंटरमागे माणूस असतो, पण तो काय करतो? 'पूर्ण नाव?' म्हणतो आणि आडनावावर त्याची नजर जरा जास्त वेळ रेंगाळते. एकट्या बाईला 'खोली शिल्लक नाही' सांगतो आणि तिच्या मागून आलेल्या चौघा बाप्यांना किल्ली देतो. जोडप्याला 'मिसेसच का?' असं विचारतो. माझ्या एका मित्राला तर आडनाव सांगितल्यावर गावातली तीन लॉजं एकाएकी भरलेली आढळली होती. यंत्राच्या मनात असलं काही नसतं. त्याला जात नाही, धर्म नाही, भुवया नाहीत. ज्यांनी माणसाच्या भुवया सोसल्यात ते यंत्राला दुवा देणारच. हा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो तोडत नाही. मी फक्त पुढे काय झालं ते सांगतो.

रात्री दीड वाजता सौ.ला खोकल्याची उबळ आली. तिला कोमट पाणी हवं होतं. खोलीत किटली नव्हती. बेसिनच्या नळाचं गरम पाणी तिच्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, खालून आणतो.

इथून माझ्या हिशेबाला सुरुवात होते. लिफ्ट कार्डाशिवाय चालत नाही. कार्ड खाचेतून काढलं तर खोलीतला दिवा जातो. खोकणाऱ्या बायकोला परक्या देशात अंधारात ठेवून जायचं, की कार्ड तिथंच ठेवून जिन्यानं जायचं? सप्तपदी झालेला कुठलाही माणूस करील तेच मी केलं. जिना आगीच्या वेळचा होता. आत शिरल्यावर मागचं दार लागलं ते आतून उघडेना. उतरत उतरत तळाला आलो. तिथलं दार उघडलं, मी बाहेर पडलो, आणि तेही मागे लागलं. मी हॉटेलच्या मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपाशी, पायजम्यात आणि रबरी सपातांत उभा होतो. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. वारा असा की दात वाजायला लागले.

वळसा घालून पुढच्या दाराशी गेलो. दिवसा आपोआप उघडणारं ते दार रात्री कार्ड मागतं. बाजूला एक बटण होतं. दाबलं. कुठल्या देशातून कोण जाणे, एक गोड आवाज आला. त्यानं खोली नंबर विचारला. सांगितला. आडनाव विचारलं. सांगितलं.

"माफ करा," आवाज म्हणाला, "त्या आडनावाचे पाहुणे आमच्याकडे नाहीत."

तीन लॉजं भरलेली आढळलेला माझा मित्र मला त्या क्षणी आठवला. फरक एवढाच की त्याचं आडनाव त्यांना फार कळलं होतं आणि माझं यांना मुळीच कळलं नव्हतं. दोघंही बाहेरच उभे.

मग मला टीव्ही आठवला. मी वडलांचं नाव सांगितलं. आवाज प्रसन्न झाला. म्हणाला, आता तुमच्या मोबाइलवर एक आकडा येईल, तो सांगा. मोबाइल वर खोलीत, उशाशी. मी तसं म्हणालो. आवाजानं पुन्हा तेच वाक्य त्याच गोडव्यानं म्हटलं. मी मराठीत ओरडलो. आवाजानं पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तेव्हा मला कळलं की आमच्या काउंटरवर लोक किती सुखी असतात! माझ्यावर कुणी ओरडलं की मी उलट ओरडतो. तो 'मॅनेजरला बोलवा' म्हणतो, मी 'बोलवतो' म्हणतो. मॅनेजर येतो, चहा मागवतो, काम होत नाही, पण आपण एका जिवंत माणसाशी भांडून आलो एवढं समाधान घेऊन गिऱ्हाईक घरी जातं. या दाराशी भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. वेंगुर्ल्याच्या वखारीला चार भिंती उरल्यात आणि माणूस नाही. इथं सगळ्या भिंती शाबूत होत्या, एवढाच काय तो फरक.

तेवढ्यात काचेपलीकडे एक माणूस फरशी पुसताना दिसला. मी काच वाजवली. त्यानं माझ्याकडे, पायजम्याकडे, सपातांकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं आणि दार उघडलं.

"हिंदुस्तान से?" त्यानं विचारलं.

त्याची हिंदी बिहारकडच्या वळणाची होती, पण तो बिहारचा नव्हता. सुरीनामचा. १८७३ साली 'लाला रूख' नावाची बोट कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत गेली. पुढची चाळीसएक वर्षं अशा बोटी जात राहिल्या आणि चौतीस हजारांवर माणसं करारावर तिकडे गेली. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झालं तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ लोक हॉलंडला आले. याचे पणजोबा असल्याच एका बोटीतून गेले होते. चार पिढ्यांत दोन समुद्र ओलांडून झाले, पण समोर कुडकुडणारा माणूस दिसल्यावर आधी त्याला आत घ्यायचं, नाव मग विचारायचं, एवढं त्या घराण्यात टिकलं होतं. नाव त्यानं मग विचारलंच नाही.

पाणी हवंय म्हटल्यावर तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथं त्याची स्वतःची किटली होती. पाणी तापेपर्यंत त्यानं सांगितलं की तो हॉटेलचा माणूस नव्हे, सफाईच्या ठेकेदाराचा. रात्री अकरा ते सकाळी सात. पाहुण्यांशी बोलायचं नाही, काही विचारलं तर पडद्याकडे बोट दाखवायचं, असा त्याला हुकूम होता. रात्री दार उघडायची तर सक्त मनाई. दोन कागदी पेल्यांत त्यानं गरम पाणी दिलं, एकात आल्याच्या चहाची पुडी सोडली, स्वतःच्या कार्डानं लिफ्ट चालवून मला दारापर्यंत सोडलं आणि "भौजी को बोलो, धीरे धीरे पीना" असं सांगून गेला. सौ.ला मी सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "बघा, आल्याचाच काढा लागला शेवटी!"

सकाळी मोबाइलवर हॉटेलचं पत्र आलं. आमचा मुक्काम कसा झाला? एक ते दहा. स्वच्छता, बिछाना, वायफाय, चेक-इनची सुलभता. मी रकाने वाचले. त्या माणसासाठी रकाना नव्हता. खाली 'इतर काही' अशी चार ओळींची जागा होती. तिथं आभार लिहायला घेतले आणि हात थांबला. काय लिहिणार? की तुमच्या माणसानं नियम मोडून दार उघडलं, नियम मोडून पाणी दिलं, नियम मोडून बोलला? माझ्या आभारांनी त्याची नोकरी गेली असती. मी जागा कोरी ठेवली. दोन कोटी रात्रींच्या त्या हिशेबात एक जमेची नोंद राहून गेली. आमच्या धंद्यात चार पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत बसायची पद्धत होती. हा फरक मला अजून मिळवता आलेला नाही.

आणि म्हणून माझं भांडण आहे. सारख्या खोल्यांशी नाही. सारखी चादर, सारखा साबण, सारखं बाथरूम ही चांगलीच गोष्ट आहे. भांडण यंत्राशीही नाही. यंत्र आडनावाला भीत नाही, त्याला माझा नमस्कार. माझं भांडण आहे ते यंत्र आल्यावर माणसाला उठवून लावणाऱ्या हिशेबाशी. स्टॅटलरनं बाथरूम दिलं तेव्हा काउंटरवरचा कारकून काढला नव्हता. विल्सननं दोन डॉलर सोडले तेव्हा किल्ली द्यायला माणूस ठेवला होता. आत्ताच्यांनी माणूस काढला, त्याचं काम माझ्याकडून करून घेतलं, भाडं तेवढंच ठेवलं आणि याला 'सुलभता' असं नाव दिलं. हा खर्च कुठं गेला असं विचाराल तर बी. कॉम.चं पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल: तो नाहीसा झाला नाही, माझ्या नावे पडला. कचऱ्याच्या डब्यांपाशी पायजम्यात उभा राहून मी तो फेडत होतो. आणि वाईट भुवयांवर उपाय चांगला माणूस ठेवणं हा आहे. काउंटर रिकामा करणं हा नव्हे.

'अहो, पण लोकांनाच हल्ली माणूस नको असतो,' असं मेहुणा म्हणतो. आमचे नवे मॅनेजरसाहेबही म्हणतात. खरं आहे. सगळं सुरळीत असतं तेव्हा माणूस नकोच असतो. माणूस लागतो तो रात्री दीड वाजता. विम्याचा हप्ता आग लागली नाही म्हणून फुकट गेला असं कुणी म्हणत नाही. मग काउंटरमागच्या कारकुनाचा पगार तेवढा फुकट कसा?

हे सगळं मी तिकडच्या लोकांना सुनावून मोकळा झालो असतो. पण परत आल्यावर नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर हा आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पूर्वी पेन्शनर येऊन समोर उभा राहायचा, आम्ही त्याच्याकडे बघायचो, तो आमच्याकडे बघायचा, आणि तो जिवंत आहे यावर दोघांचं एकमत झालं की सही व्हायची. २०१४ पासून हेच काम अंगठ्यानंही होतं. यंत्रावर अंगठा ठेवायचा. पण सत्तर-ऐंशी वर्षं झिजलेल्या अंगठ्यावर रेघा कुठल्या? यंत्र म्हणतं, जुळत नाही. एक आजोबा आहेत. गेल्या वर्षी त्यांचा अंगठा चारदा उमटला नाही, तेव्हा मी त्यांना काय म्हणालो ते मला त्या काचेच्या दाराशी आठवलं होतं. मी मान वर न करता म्हणालो होतो, "मशीनवर पुन्हा ट्राय करा. नाहीतर उद्या या." तेच वाक्य. त्याच गोडव्यानंसुद्धा नाही.

या वर्षी ते आले. आमच्या शाखेत आता पाचांतले तीन काउंटर काढून तिथं यंत्रं उभी केली आहेत आणि एक निऑनचा दिवा लावायचंही घाटत आहे. आजोबा सवयीनं यंत्राकडे निघाले. मी 'काउंटर बंद आहे'ची पाटी उचलून खणात टाकली आणि त्यांना हाक मारली. खुर्ची दिली. जुना कागदी फॉर्म काढला. त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते जिवंत होते.

"कुठे होता पंधरा दिवस?" त्यांनी दरडावून विचारलं. "दोनदा येऊन गेलो मी! तुमच्या जागेवर कुणी नाही! हा काय कारभार आहे? लोकांनी भांडायचं कुणाशी?"

मागे रांग होती. मॅनेजरसाहेब केबिनमधून बघत होते. आजोबा पाच मिनिटं मला बोलत होते, आणि मी ऐकत होतो. मग मीही उलट दोन शब्द बोललो. त्यांना बरं वाटलं. मलाही.